बक हेंड्रिगनचा पगार

माणसाने सख्ख्या भावाला पत्र लिहावं यात अवघड ते काय, असं आमच्या इर्माचं मत आहे. इर्मा म्हणजे माझी बायको. ती तिच्या बहिणीला दर आठवड्याला चार पानं लिहिते. त्यातली तीन पानं हवामानाची असतात आणि चौथ्यावर माझ्याबद्दलच्या तक्रारी असतात. "एमिल, पेन घे, ‘प्रिय गस’ असं लिही, पुढचं आपोआप सुचेल," हे ती मला साडेचार वर्षं सांगत होती. या साडेचार वर्षांत मी तीनदा ‘प्रिय’पर्यंत पोचलो होतो. हुडाक घराण्यात कोणी कोणाला उगीच पत्र लिहीत नाही. पत्राला विषय लागतो, आणि त्या विषयात आपण बरोबर असावं लागतं.

असा विषय मला मार्च महिन्यात सकाळच्या पेपरात सापडला. आमचा फेरीमेन हा बेसबॉलचा संघ बक हेंड्रिगनचा करार या मोसमानंतर वाढवणार नाही, अशी बातमी होती. खाली कोणा दीडशहाण्याने लिहिलं होतं की पहिल्या बेसवरच्या खेळाडूचे इतके महागाचे फटके आजवर कुठल्याच संघाने विकत घेतले नसतील. मी कॉफीचा कप खाली ठेवला. असंच काहीसं मी आधी ऐकलं होतं. माझ्याच घरात, मी स्वतः भाजलेल्या टर्कीसमोर.

झालं होतं असं, की एक्क्याऐंशीच्या नोव्हेंबरात बकने वर्षाला नऊ लाख डॉलरचा पाच मोसमांचा करार केला आणि नेमकं त्याच आठवड्यात थँक्सगिव्हिंगचा सण आला. गस माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. काचेच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस. पानात बटाटे वाढून घेता घेता तो म्हणाला, "नऊ लाख! त्या माणसाला! काय रे एमिल, असल्या तराजूवर तू तुझं सील मारशील का?"

आता मी काउंटीचा वजनमाप निरीक्षक आहे. पेट्रोलचा पंप, वाण्याचा काटा, खाटकाचा तराजू, हे सगळं चोख आहे की नाही ते मी बघतो आणि मग त्यावर सील मारतो. बकबद्दल गस काय वाटेल ते बोलला असता तर मी गिळलं असतं. पण बारा माणसांच्या पंगतीत त्याने माझ्या सीलला हात घातला. मी म्हणालो, "गस, चुकीचं बोलायचं तर स्वतःच्या घरी जाऊन बोल. तिथे तुला कोणी अडवत नाही." गसने हातरुमाल घडी करून ताटाशेजारी ठेवला, पेगला, म्हणजे त्याच्या बायकोला, म्हणाला, "कोट घाल," आणि शेवटचा भोपळ्याचा गोड पदार्थ न खाता दोघं निघून गेली. फेब्रुवारीत ती ॲरिझोनाला राहायला गेल्याचं आम्हाला कळलं ते इर्माच्या नावे आलेल्या पत्ताबदलाच्या कार्डावरून. त्यानंतर दर नाताळला शुभेच्छापत्र यायचं. त्यावर ‘पेग आणि गस’ असं लिहिलेलं असायचं, पण दोन्ही नावं पेगच्याच अक्षरात.

मी इर्माला सांगितलं, "सत्य काय ते एकदा शास्त्रशुद्ध काढतो. बकला प्रत्येक फटक्यामागे किती डॉलर मिळाले आणि इतरांना किती, याचा तक्ता करतो आणि गसला पाठवतो. मग बघू."

"म्हणजे पत्र लिहिणार!"

"पत्र नाही. तक्ता."

इर्माने जेवणाचं टेबल पंधरा दिवसांसाठी मोकळं करून दिलं.

तक्त्याला दोन गोष्टी लागतात, फटके आणि पगार. फटक्यांची मला चिंता नव्हती. रेडिओवर ऐकलेल्या प्रत्येक सामन्याची मी वही ठेवतो. गेल्या पंचवीस वर्षांच्या वह्या तळघरात, कोरड्या जागी, बुटांच्या खोक्यांत सालवार लावलेल्या आहेत. पगारांची मात्र पंचाईत होती. मी फेरीमेनच्या कचेरीला पत्र लिहिलं. त्यांनी मोसमाच्या तिकिटांची माहितीपुस्तिका पाठवली. मी पुन्हा लिहिलं, तिकीट नको, पगार हवेत. त्यांनी पुन्हा पुस्तिका पाठवली. तिसऱ्यांदा मी जरा कडक भाषेत लिहिलं तेव्हा पुस्तिकेबरोबर एक कॅलेंडरही आलं.

मग उरलं वाचनालय. तिथे जुने पेपर फिल्मवर उतरवून ठेवलेत आणि त्यात दर वसंतात छापलेल्या पगारांच्या याद्या होत्या. पण त्या यंत्रापुढे बसायला चालू कार्ड लागतं, आणि मिस थॉर्नबरोंनी माझं कार्ड बघून चष्मा कपाळावर चढवला. "मिस्टर हुडाक, तुमच्या नावावर टोमॅटोच्या लागवडीचं एक पुस्तक आहे. एकोणऐंशीपासून."

ते पुस्तक गसने माझ्या कार्डावर नेलं होतं. त्याचे टोमॅटो दर वर्षी काळे पडायचे आणि दर वर्षी तो दोष खताला द्यायचा.

"ते माझ्या भावाकडे आहे," मी म्हणालो.

"मग आणून द्या."

"भाऊ ॲरिझोनात असतो."

"मग पुस्तक हरवल्याचं प्रतिज्ञापत्र द्या. बँकेतल्या नोटरीसमोर सही करून."

मी बँकेत गेलो. अर्जावर एक प्रश्न होता: ‘वस्तू शेवटची कुठे पाहिली?’ मी लिहिलं, ‘भावाच्या खिडकीत.’ दुसरा प्रश्न: ‘ती परत मिळवण्यासाठी काय प्रयत्न केले?’ इथे मी पेन हातात धरून इतका वेळ बसलो, की नोटरीबाईंनी मला पाणी हवं का म्हणून विचारलं. पुस्तक हरवलं नव्हतं. कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. साडेचार वर्षांत मी काय प्रयत्न केले, हे शपथेवर सांगण्याजोगं नव्हतं. शेवटी मी ‘चालू आहेत’ असं लिहून सही केली, आणि माझं कार्ड पुन्हा सुरू झालं.

एवढ्यात ही बातमी गल्लीत पसरली होती. आमच्या शेजारचे मिस्टर प्रूएट नळदुरुस्तीचा धंदा करतात, आणि नळ सोडून बाकी सर्व विषयांत त्यांचं मत फुकट असतं. ते मागच्या दाराने आले, टेबलावरचे कागद बघून म्हणाले, "नुसते फटके काय मोजतोस? कोणी एक बेस गाठतो, कोणी एका फटक्यात चारी बेस पालथे घालतो. दोघांना सारखाच भाव?" बरोबर होतं. मी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. "आणि न मारता, नुसतं उभं राहून जो पहिला बेस मिळवतो, ते फुकट होय? संयमाला काही किंमत आहे की नाही?" मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चौथ्या दिवशी मी मागच्या दाराला कडी लावली. ते पुढच्या दाराने आले.

तक्ता वाढत वाढत टेबलावर मावेना. स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून उरलेली कागदाची गुंडाळी होती, पुढच्या बाजूला पेअरची चित्रं असलेली. तिच्या मागच्या बाजूवर मी आमच्या गटातल्या सात संघांचे पहिल्या बेसवरचे सात खेळाडू मांडले. निकाल लागला तेव्हा मी इर्माला हाक मारली. फटक्यांच्या मानाने पगार बघता, सातांत स्वस्ताईत बक दुसरा होता!

"झालं ना? आता पाठव," इर्मा म्हणाली.

पण इतक्या चोख कामाला चार लोकांनी बघायला नको का? ईस्टरआधीचे उपासाचे दिवस चालू होते, आणि त्या दिवसांत आमच्या चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी तळलेल्या माशांचं आणि पिरोगी नावाच्या उकडलेल्या करंज्यांचं जेवण असतं. गुड फ्रायडेला मी तक्ता काखोटीला मारून गेलो आणि कॉफीच्या टाकीमागे भिंतीवर चिकटवला. पहिली दहा मिनिटं लोकांना तो नवीन भिंतकागद वाटला. मग कोणीतरी बकचं नाव वाचलं, आणि पुढे अर्धा तास माशांना कोणी हात लावला नाही.

"बकच्या दुखऱ्या गुडघ्याचं काय धरलंस?" एकाने विचारलं.

"गुडघा पगारात येतो," मी म्हणालो.

"मी तीस वर्षं गाड्यांना दारं बसवतोय. दर दारामागे मला किती मिळाले ते काढ ना जरा!" दुसरा म्हणाला, आणि त्याची बायको म्हणाली की ते काढायची काही गरज नाही, तिला माहीत आहे.

जेवणाची सगळी व्यवस्था मिसेस ओडेल बघतात. त्या हातात कोबीच्या सॅलडचं भांडं घेऊन तक्त्यापुढे उभ्या राहिल्या. "फार सुंदर झालाय हो, एमिल. कोणासाठी केलात?"

"सत्यासाठी," मी म्हणालो.

"असं? मग तुमच्या खिशातल्या पाकिटावर ॲरिझोना कशाला लिहिलंय?" असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात दोन पिरोगी जास्त वाढल्या.

सोमवारी मी तक्ता घडी करून पाकिटात घातला आणि पोस्टात गेलो. खिडकीवरच्या माणसाने पाकीट वजन करून विचारलं, "किमती आहे का आत काही?"

"अत्यंत."

"मग सहीचं पाठवा. ज्याचं त्याने सही करून घ्यायचं, आणि सहीचं कार्ड तुम्हाला परत येतं."

गसची सही! त्याच्या ‘ग’ला एक मोठं वेटोळं असतं, शाळेत त्यासाठी त्याने मार खाल्ला होता. ती सही माझ्या घरी येणार, या कल्पनेने मला पोस्टातच इतकं बरं वाटलं की मी नको असताना तिकिटांची एक घडीही घेतली. मग रोज दुपारी पत्रपेटीपाशी माझी फेरी सुरू झाली. पोस्टमन दुरूनच मान हलवायचा. मोसम सुरू झाला, बकने पहिल्या आठवड्यात दोनच फटके मारले, आणि मी मात्र सहीची वाट बघत होतो.

अठराव्या दिवशी पाकीटच परत आलं. जसंच्या तसं, चिकटवलेलं. वर जांभळ्या शाईत शिक्का होता: ‘घेण्यास नकार’.

दुकानदार मला घाबरतात, खाटीक मला बघून अंगठा तराजूवरून काढून घेतो, असा मी माणूस. पण ते पाकीट घेऊन मी गराजमध्ये गेलो आणि गाडीत नुसता बसून राहिलो. मला गस हवा होता. तक्ता, बक, नऊ लाख, हे सगळं सोंग होतं. रेडिओ लागला की समोरच्या खुर्चीत तो हवा होता, पाय स्टुलावर टाकून, पेन्सिल कानावर खोचून. आणि त्याने माझं पाकीटसुद्धा हातात घेतलं नव्हतं.

मिस्टर प्रूएटना हे कळायला सव्वा तास लागला. माझं सांत्वन करायला ते क्रीडा साप्ताहिकाचा जाडजूड वार्षिक अंक घेऊन आले. "सोड रे. बघ, बकचं अख्खं पान आहे यात. नऊ मोसमांची जंत्री." मी उदासपणे बघितलं, आणि मग उदासपणा सोडून बघितलं. गेल्या चार मोसमांत अंकाच्या हिशेबाने बकचे फटके माझ्यापेक्षा एकतीसने कमी होते.

"छपाईची चूक," मी म्हणालो.

"बाकीच्या सहा जणांचे आकडे तू कुठून घेतलेस?"

"पेपरातून."

"आणि बकचे?"

"माझ्या वह्यांतून. माझ्या वह्या पेपरापेक्षा चोख असतात."

"म्हणजे छापणारे नेमके बकच्याच पानावर चुकतात होय?" मिस्टर प्रूएट म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते आपणहून घरी गेले.

मी तळघरात उतरलो. इथे एक गोष्ट सांगायला हवी. चेंडू मारून खेळाडू बेसवर पोचला, की तो स्वतःच्या फटक्याने पोचला की समोरच्याच्या हातून चेंडू सुटल्यामुळे, हे ठरवायला मैदानात एक अधिकृत माणूस बसवलेला असतो. फटका असेल तर श्रेय खेळाडूचं, चूक असेल तर श्रेय शून्य. पण घरी वही घेऊन बसलेला प्रत्येक जण हा स्वतःच अधिकृत माणूस असतो. रेडिओवर ‘चूक’ म्हणाले तरी हातातली पेन्सिल आपली असते.

सत्त्याहत्तर ते एक्क्याऐंशी हे पाच मोसम मी पुन्हा मोजले. माझे आणि अंकाचे आकडे एकेका फटक्यापर्यंत जुळत होते. ब्याऐंशीची वही उघडली. मेच्या एका पानावर खोडरबराचा मळकट डाग होता. ‘चूक’ अशी केलेली खूण पुसून मी तिथे फटक्याची रेघ ओढली होती. जूनमध्ये दोन डाग. ऑगस्टात तीन. पुढे पुढे तर डागही नाहीत. मी पहिल्या झटक्यातच फटका लिहून मोकळा होत होतो. माझ्याच अक्षरात, एकतीस वेळा! एखाद्या वाण्याच्या काट्यात एवढी तफावत निघाली असती तर मी त्याचं दुकान त्याच दिवशी बंद केलं असतं.

गस असताना हे कधी झालं नव्हतं, कारण गस समोर त्याची वही घेऊन बसायचा. मी जरा हात सैल सोडला की मान वर न करता तो म्हणायचा, "पूस ते." आणि मी शिव्या देत पुसायचो. तो गेल्यापासून मला ‘पूस ते’ म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. मी खोक्यांच्या मधोमध जमिनीवर बसलो आणि खरे आकडे घालून हिशेब पुन्हा केला. बक सातांत सहावा आला.

"आता?" वरून इर्माने विचारलं.

"गस बरोबर होता."

"मग त्याला सांग. आणि पाकिटात घालून नको, तोंडाने सांग."

रविवारी दुपारी सामना सुरू झाला होता, रेडिओ चालू होता. मी नंबर फिरवला. सहा वेळा घंटा वाजली.

"कोण?" गसचाच आवाज. जरा घोगरा झाला होता.

"मी. एमिल."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. सगळे ठीक आहेत."

"मग फोन कशाला केलास?"

"तू माझं पाकीट परत का पाठवलंस?"

"कुठलं पाकीट? ते सहीचं? ते तुझं होतं?" गस ओरडला. "अरे मला वाटलं निवडुंगाच्या दंडाचं असणार! मी गाडी मागे घेताना एक मोठा निवडुंग पाडला. इथे निवडुंगाला सरकारचं संरक्षण आहे, माणसाला नाही. तेव्हापासून सहीचं काहीही आलं की पेग दार उघडत नाही आणि मी नको म्हणून सांगतो. तू साधं तिकीट लावून का नाही पाठवलंस, गाढवा?"

गाढवा! साडेचार वर्षांनी कोणीतरी मला योग्य नावाने हाक मारली. मी घाईघाईने मुद्द्यावर आलो. "गस, एकतीस."

"काय एकतीस?"

मी सगळं सांगितलं. तक्ता, पेअरचा भिंतकागद, वह्या, खोडरबर. बक दुसरा नव्हे, सहावा. तो मधे एकदाही बोलला नाही, आणि हे त्याच्या स्वभावाला धरून नव्हतं.

"मुद्दाम केलंस?" शेवटी त्याने विचारलं.

"नाही. तू समोर नव्हतास."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तू बरोबर होतास, गस," मी म्हणालो. हे वाक्य म्हणजे माझ्या तोंडून काढलेली दाढ होती.

"ते मला माहीत आहे," गस म्हणाला. "साडेचार वर्षं मी इथे बरोबरच आहे. सकाळी उठतो तेव्हा बरोबर असतो, रात्री झोपतो तेव्हा बरोबर असतो. आणि ते सांगायला एक माणूस नाही, एमिल. पेगला मी बरोबर काय नि चूक काय, सारखंच. शेजारचा म्हातारा गोल्फबद्दल बोलतो. तुमचं रेडिओ स्टेशन इथे लागत नाही. पेपरात नुसता निकाल येतो, तोही दोन दिवसांनी."

मागे रेडिओवर लोकांचा गलका उठला.

"तो आवाज कसला?" गसने विचारलं.

"सामना. चौथी इनिंग."

"बॅटिंगला कोण आहे?"

"बक."

"फोन ठेवू नकोस," गस म्हणाला. "रेडिओजवळ धर. आणि गप्प बस."

मी तार ओढून ओढून खुर्ची रेडिओपाशी नेली आणि रिसीव्हर जाळीला लावून धरला. बकने दोन चेंडू सोडले, तिसरा हवेत उडवला आणि तो अगदी साध्या हातांनी झेलला गेला. "बघितलंस?" असं रिसीव्हरमधून बारीक आवाजात ऐकू आलं. मी काही बोललो नाही, मला गप्प बसायला सांगितलं होतं. पाचवी इनिंग झाली, सहावी झाली. माझा हात भरून आला तसा मी दुसऱ्या हाताने त्याला आधार दिला. परगावच्या फोनची मिनिटं घड्याळ लावून मोजणारी आमची इर्मा दारात येऊन उभी राहिली, थोडा वेळ ऐकत राहिली, आणि मग सोफ्यावरची उशी आणून तिने माझ्या कोपराखाली सरकवली.